वाकडेरावांची गाडी सरळ होते

भाऊजींच्या घरात एकतीस वर्षं एक नियम पाळला जात होता: सामान गाडीने, बायको बसने. कोणाच्या घरचं कार्य असो, कोणाला भेटायला दवाखान्यात जायचं असो, भाऊजी पिशव्या-बॅगा मागच्या सीटवर लादून गाडी काढत आणि ताई पर्स काखोटीला मारून बसच्या थांब्यावर जाऊन उभी राही. बहुतेक वेळा ताईच आधी पोचे. भाऊजी इतकं सावकाश चालवत की सायकलवाले त्यांना मागे टाकताना आत डोकावून बघत, माणसाला बरं आहे ना म्हणून.

गाडी बिचारी या चालीसाठी जन्मली नव्हती. दोन दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची जुनी मसल कार. सुरू केली की शेजारच्या घरातल्या कपबश्या आपसात बोलायला लागत. ती मुळात ताईच्या बाबांची. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांनी ती जावयाला दिली आणि मुलाला सांगितलं, "तू दुरुस्त करशील, तो जपेल." हा मुलगा म्हणजे आपला फोरमन. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात काढून तो त्याच हुद्द्यावर निवृत्त झाला होता आणि आता घरात, दारात, न्हाव्याच्या खुर्चीत त्याला तेवढंच नाव उरलं होतं.

बाबांचा अंदाज खरा ठरला. भाऊजींनी गाडी पोटच्या पोरासारखी जपली. फक्त त्यांना ती सरळ चालवता येत नव्हती.

आता यातली गंमत अशी, की भाऊजी पेशाने नकाशे काढणारे. पट्टी न लावता हातभर सरळ रेघ ओढत. ऑफिसात नवीन आलेली माणसं ती गुपचूप पट्टी लावून तपासत आणि पट्टी गुपचूप खणात ठेवून देत. असा माणूस स्टिअरिंगवर बसला की गाडी डावीकडे. बाबांनी गाडी दिल्यावर दोनच महिन्यांनी, बाबांनाच शेजारी बसवून, भरदिवसा, मोकळ्या रस्त्यावर भाऊजींनी ब्रेक मारला आणि गाडी डावीकडच्या चरात उतरली. बाबांचं खांद्याचं हाड मोडलं. पलंगावर पडल्या पडल्या ते म्हणाले, "जावई सोन्यासारखा आहे हो. पण सरळ रस्त्यावर वाकडा जातो." फोरमनने तिथल्या तिथे, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, त्याचं 'वाकडेराव' केलं. हशा पिकला. बाबाही हसले आणि हाड दुखलं म्हणून कळवळले. तेव्हापासून नातेवाइकांत भाऊजींना दुसरं नाव नाही. फोरमनला तर आपल्या सगळ्या कामगिरीत या नावाचा विशेष अभिमान होता.

भाऊजींनी एकदाच तक्रार केली होती, की गाडी डावीकडे ओढते. फोरमन चौकापर्यंत फेरी मारून आला आणि त्याने निकाल दिला, "गाडीत काही नाही, भाऊजी. हातात आहे." पुढे टायर एकाच बाजूने झिजायला लागले, तेव्हाही तो म्हणाला, "बघा, टायरलासुद्धा तुमचा हात लागतो." घरचा मेकॅनिक असताना बाहेर कोणाला दाखवायची भाऊजींची पद्धत नव्हती. ताईने मात्र त्या चरानंतर गाडीत पाय ठेवला नाही.

यंदा लेकीने चार तासांच्या अंतरावर घर बांधलं आणि भाऊजींच्या मनाने घेतलं, की जायचं तर दोघांनी एका गाडीतून जायचं. आठ दिवस घरात वाटाघाटी चालल्या. शेवटी ताईने अट घातली, "गाडीचं पुढचं सगळं नवीन टाका. मग कालव्याच्या रस्त्यावर माझ्या भावाला शेजारी बसवून जाऊन या. तो म्हणाला हात सुधारला, तर मी बसते. नाहीतर माझी बस मला लखलाभ."

भाऊजी फोरमनकडे गेले. "मला काही सुधारणं जमलं नाही रे," ते म्हणाले. "गाडी तरी सुधारू."

म्हणून मंगळवारी सकाळी फोरमन भाऊजींच्या गॅरेजात बुटक्या स्टुलावर बसला होता. गाडीचं नाक लोखंडी घोड्यांवर चढवलेलं, चाकं भिंतीला टेकवलेली. कोपऱ्यात नवीन माल खोक्यांत होता: चाक धरून ठेवणारे पोलादी नळ्यांचे वरचे-खालचे आर्म, स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, सांध्यांतले रबरी बुश, बॉल जॉइंट. फोरमन मजेत होता. जुने स्प्रिंग त्याने दाबून, चुचकारून, स्वतःचं तोंड बाजूला ठेवून बाहेर काढले. मग डावीकडच्या वरच्या आर्मचे नट सैल केले आणि शिम हातात आल्या.

शिम म्हणजे पातळ पोलादी पट्ट्या. आर्म आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांच्यामध्ये सरकवायच्या. कुठे दोन, कुठे चार. त्यांच्या हिशोबाने चाक उभं राहतं, आणि चाक उभं राहतं तशी गाडी चालते. फोरमनने सवयीने त्या रॉकेलच्या फडक्याने पुसल्या. एकतीस वर्षांचं ग्रीस निघालं आणि खालून रंगाचा ठिपका वर आला. लाल.

त्याने चासीवरची जागा पुसली. तिथेही ठिपका होता. पांढरा.

फोरमन उठला. मग उजवीकडे जाऊन, उगाच वेळ काढत, ते नट सोडले. त्या शिमवर पांढरा ठिपका होता आणि चासीवर लाल.

ठिपके त्याच्याच हातचे. फाटकाला लावून उरलेल्या रंगाचे. पांढरा डावीकडे, लाल उजवीकडे. डेपोत लागून तेव्हा दोन महिने झाले होते. ज्ञान दोन महिन्यांचं आणि आत्मविश्वास निवृत्तीच्या वयाचा. गाडी भाऊजींना द्यायच्या आदल्या आठवड्यात बाबांच्या अंगणात त्याने पुढचे बुश बदलले होते. सुटे भाग गाडीसमोर एका लांब फळीवर मांडले होते, डावीकडचे डाव्या टोकाला, उजवीकडचे उजव्या. मध्ये ताईने जेवायला हाक मारली. वाटेत कोणी अडखळू नये म्हणून त्याने फळी मालासकट उचलून भिंतीकडे नेली, आणि जेवून आल्यावर पुन्हा आणून ठेवली. उलट्या टोकाने.

बाकीच्या भागांना डावं-उजवं चुकवताच येत नाही. ते बसतच नाहीत, आडून बसतात, म्हणून ते आपापल्या बाजूला गेले. शिम मात्र गरीब, सांगाल तिथे राहतात. खुणा केल्या म्हणजे काम बरोबरच, अशा विश्वासाने त्याने खुणांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. वर चाकांची अलाइनमेंटही नको म्हणाला होता, 'जसं होतं तस्सं बसवलंय' म्हणून. आणि नंतरची ती चौकापर्यंतची फेरी? डेपोतल्या बसगाड्या दोन्हीकडे ओढायच्या. त्यांच्यावर हात बसलेल्या माणसाला एकाच बाजूला ओढणारी गाडी स्वभावाने सालस वाटली असणार.

"चहा!" भाऊजी दोन कप घेऊन दारात उभे होते.

फोरमनने मूठ मिटून शिम खिशात टाकल्या. पोलाद मांडीला गार लागलं.

"काय रे, तोंड का उतरलंय? काही वाईट निघालं का आत?"

"नाही... जुनं झालंय सगळं."

"आपणही झालोच की." भाऊजी उलट्या बादलीवर बसले. जरा घुटमळले. "तुला म्हणून सांगतो, तुझ्या ताईला बोलू नकोस. मी रविवारी सकाळी गाडी घेऊन फिरायला जायचो ना? नुसता फिरायला नव्हतो जात."

"मग?"

"गावाबाहेर मैदान आहे ना, तिथे. चुन्याची रेघ मारायची, चांगली अर्धा फर्लांग, आणि गाडी तिच्यावरून न्यायची. सहा वर्षं केलं. रेघ एकदम सरळ यायची रे. गाडी काही राहायची नाही. मग मी हात सतत उजवीकडे धरून ठेवायला शिकलो, असा," आणि त्यांनी कपासकट हात थोडे उजवीकडे वळवून दाखवले. चहा बशीत सांडला. "तेव्हा जरा जमायला लागलं. माझ्या हातातच दोष, त्याला कोण काय करणार? तू पहिल्याच दिवशी ओळखलंस."

फोरमनने कप खाली ठेवला.

"भाऊजी, एक सांगायचं होतं."

"सांग ना."

"...बुश जरा कडक आलेत."

"असू देत. तू बसवणार म्हटल्यावर मला चिंता नाही."

माणसाने शिव्या दिल्या की बरं असतं. उत्तराला शिवी तरी देता येते. विश्वासाला काय उत्तर देणार? फोरमनने दुपारपर्यंत आणखी दोनदा तोंड उघडलं. एकदा पान्ह्याचा नंबर विचारला, जो पान्हा त्याच्याच हातात होता. दुसऱ्यांदा 'आज उकडतंय' म्हणाला.

जेवताना ताईने त्याच्या ताटात आग्रहाने वाढलं. "खा. तू होतास म्हणून ही गाडी टिकली. नाहीतर आमच्या वाकडेरावांनी केव्हाच भंगारात घातली असती." भाऊजी हसले. फोरमन गेली एकतीस वर्षं या विनोदाला सगळ्यात मोठ्याने हसत आला होता. आज त्याला पाणी प्यावंसं वाटलं.

आणि मग, खरं सांगायचं तर, त्याच्या मनात तो विचार आला. नवीन आर्म, नवीन शिम, नवीन अलाइनमेंट. गाडी आपोआप सरळ जाणार. ताई शेजारी बसणार, भाऊजी खूश, लेक खूश. जुन्या शिम नदीत टाकल्या की कोणाचंच काही बिघडत नाही. उलट सगळे म्हणतील, फोरमनच्या हाताला यश आहे. स्वतः केलेलं वाटोळं स्वतः निस्तरायचं आणि वर शाबासकी घ्यायची, ही सोय फार थोड्यांच्या नशिबी येते. विचार इतका सोयीचा होता की फोरमनने तो मान्य करून टाकला. रात्री मात्र त्याला झोप आली नाही, आणि बायकोला त्याने पित्त झालंय असं सांगितलं.

पुढचे दोन दिवस त्याने आयुष्यातलं सर्वांत चोख काम केलं. बोल्ट मोजून आवळले. बुशचे नट हवेत आवळले नाहीत. गाडी खाली घेतली, तिचं वजन चाकांवर येऊ दिलं, दोनदा नाक दाबून हलवलं आणि मग शेवटचा पीळ दिला. नाहीतर रबर जन्मभर पिळलेलं राहतं. शुक्रवारी अलाइनमेंट करून आणली. अलाइनमेंटवाला म्हणाला, "मामा, काय काम केलंय! हात सोडून गावाला जा." फोरमनला बरं वाटायला हवं होतं.

शनिवारी सकाळी ताई फाटकात उभी राहिली आणि दोघे कालव्याच्या रस्त्यावर निघाले. भाऊजींनी नवीन शर्ट घातला होता. इंजिन घुमलं, गाडी सुटली. चढउतार कळत नव्हता. नाक कसं जमिनीला धरून चाललं होतं. फोरमनने सुटकेचा श्वास सोडायला छाती भरली.

गाडी उजवीकडे गेली.

भाऊजींनी दचकून सावरली. सरळ आली, आणि चार विजेच्या खांबांनंतर पुन्हा उजवीकडे. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने ठेवणीतला शब्द वापरला. फोरमनने भाऊजींच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात थोडेसे, जेमतेम एक बोट, उजवीकडे वळलेले होते. बशीत चहा सांडताना होते तसेच.

भाऊजींनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"पाहिलंस?" ते शांतपणे म्हणाले. "इतके दिवस मनात कुठेतरी वाटायचं, की गाडीचाही थोडा दोष असेल. आता सगळं नवीन आहे. तुझ्यासारख्याने केलेलं आहे. म्हणजे राहिलो मीच." मग किल्ली काढून त्यांनी ती फोरमनच्या हातावर ठेवली. "परत तू घे चालवायला. आणि तिला सांग, नाही जमलं. ही तुझ्याकडेच ठेव आता. मी काही पुन्हा हात लावत नाही."

नदीत टाकायच्या म्हणून ठेवलेल्या शिम अजून खिशातच होत्या. फोरमनने त्या काढल्या आणि डॅशबोर्डवर मांडल्या, दोन ढीग.

"भाऊजी, हात वाकडा नाही तुमचा. कधीच नव्हता. ह्या उलट्या बसल्या होत्या. मी बसवल्या होत्या."

त्याने सगळं सांगितलं. ठिपके, फळी, जेवायची हाक. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपण हाक मारणाऱ्या ताईवर थोडं ढकलतो आहोत. मग त्याने ते वाक्य मागे घेऊन पुन्हा नीट सांगितलं. मंगळवारीच कळलं होतं हेही सांगितलं. ते सांगणं सगळ्यात जड गेलं, कारण एकतीस वर्षांपूर्वीची चूक पोराची होती आणि मंगळवारची जाणत्या माणसाची.

भाऊजींनी एक शिम उचलली, उजेडात धरली, जाडी नखाने चाचपली. नकाशावरची चूक बघावी तशी.

"बाबांना हे माहीत होतं?"

"नाही. मलाच नव्हतं."

"म्हणजे ते गेले, तेव्हा मी वाकडाच होतो."

फोरमनने डॅशबोर्डवरचे ढीग उगाच सरळ केले.

"मी म्हणालो होतो तुला," भाऊजी म्हणाले, "गाडी ओढते."

"म्हणाला होतात."

भाऊजींनी किल्ली परत मागून घेतली. घरी येताना गाडी त्यांनीच चालवली. दोनदा उजवीकडे गेली, तिसऱ्यांदा त्यांनी हात ढिले सोडले आणि ती आपली आपण सरळ चालत राहिली.

फाटकाशी ताई. "काय म्हणतोस? सुधारला का हात?"

"सांग," भाऊजी म्हणाले. "मी ऐकत उभा राहतो."

फोरमनने दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जात नाही. उलट आता पुढचं वाक्य आधीच माहीत असतं. ताईने सगळं ऐकून घेतलं. ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही चुन्याची रेघ मारायला जात होता ना, रविवारी?"

"तुला कसं..."

"बुटांना चुना लागायचा. मी पुसत होते. बसमधून मैदानावरची रेघही दिसायची. मला वाटायचं, एवढी मेहनत करूनही जमत नाही बिचाऱ्याला." तिने नवऱ्याच्या बुटांकडे पाहिलं. "बिचाऱ्याला म्हणायचे हो मी. बसमध्ये बसून."

ती आत गेली, चपला घालून बाहेर आली आणि गाडीचं पुढचं दार उघडायला गेली. दार जड होतं. फोरमन मदतीला धावला.

"राहू दे," ताई म्हणाली. "तुझी मदत पुष्कळ झाली."

भाऊजींनी काच खाली घेतली. "फोरमन, मला राग आलाय," ते म्हणाले. "फार आलाय. पण तुझ्यावर रागवायची मला सवय नाही, तेव्हा जरा वेळ लागेल. तू थांब इथे."

गाडी गेली. फोरमन अंगणातल्या खुर्चीत बसला, उठला, गॅरेज झाडलं, पुन्हा बसला. त्याला वाटलं होतं, कबूल केलं की मनावरचं ओझं उतरतं. लोक तसं सांगतात. प्रत्यक्षात ते खाली ठेवायला कोणी जागाच दिली नव्हती.

तासाभराने ती दोघं आली. ताई उतरताना कशावरतरी हसत होती आणि फोरमनला बघून थांबली. भाऊजी सरळ आत जाऊन टेबलाशी बसले. दहा मिनिटांनी त्यांनी एक कागद आणून फोरमनसमोर ठेवला. वळणदार अक्षर, पट्टीशिवाय आखलेले रकाने, बत्तीस नावं, प्रत्येकासमोर फोन नंबर.

"हे काय?"

"ज्यांच्या ज्यांच्यासमोर तू मला वाकडेराव म्हणालास ते. काही राहिले असतील. गेलेले सोडून दिलेत, त्यांना तू फोन करू शकत नाहीस. मीही नाही." त्यांनी 'बाबा' असं म्हटलं नाही. "बाकीच्यांना सगळं सांगायचं. माझ्यासमोर."

"बत्तीस जणांना?"

"एकतीस वर्षं होती. वर्षाला एक धर आणि एक वर."

पहिलं नाव बाबांच्या धाकट्या भावाचं. वय नव्वदीच्या घरात. कानाचं यंत्र होतं, पण ते पाहुणे आले की लावायचे. फोरमनने फोन लावला.

"काका, मी बोलतोय. एक सांगायचं होतं."

"मोठ्याने बोल!"

"काका, भाऊजींची गाडी आहे ना..."

"अरे, मोठ्याने!"

फोरमन उभा राहिला. "भाऊजींचा हात वाकडा नव्हता! गाडी मी बिघडवली होती! मी!" समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. शेजारच्या खिडकीचा पडदा सरकला. "बाबांचं हाड मोडलं ते माझ्यामुळे, काका! चूक माझी होती!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"फोन त्याला दे," काका म्हणाले.

भाऊजींनी फोन घेतला आणि पाठ केली. काका काय बोलले ते कोणालाच ऐकू आलं नाही. भाऊजींचा हात तेवढा दिसत होता. तो भिंतीवर टेकलेला होता आणि बोटं भिंतीवर हळूहळू फिरत होती.

"हो, काका," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, "हो. घेऊन येतो की. तुम्हाला पुढेच बसवतो."

फोन फोरमनच्या हातात देताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. यादीवर दुसऱ्या नावाखाली बोट ठेवलं.

"आत्याला ऐकू चांगलं येतं," ते म्हणाले. "तिच्याशी हळू बोललास तरी चालेल. पण सगळं बोल."